खोकल्याची बाटली

गोठ्यातल्या बैलाने एक वेळ वैरणीला तोंड लावले नाही तर शेतकरी त्याच संध्याकाळी जनावरांच्या डॉक्टरांकडे माणूस धाडतो. पण घरधनी स्वतः दोन दोन महिने खोकत राहिला तरी दवाखान्याची पायरी चढत नाही. हे वाक्य आमचेच आहे. आरोग्यावर चार शब्द लिहिताना आणि रविवारी मिस्सानंतर चर्चबाहेर बोलताना ते आम्ही कितीदा तरी वापरले आहे. ऐकणारे माना डोलावतात, हसतात, आणि आपण काही शहाणपणाचे सांगितले असे आम्हांला वाटते. या वेळी ते वाक्य आम्हांला निम्मे मागे घ्यायचे आहे. का, ते सविस्तर सांगतो.

खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीत आमच्या ओळखीचे एक शेतकरी आहेत. नाव सांगण्याचे कारण नाही. वय पंचेचाळीसच्या आसपास, दोन एकर भात, थोडी रताळी, काजूची काही झाडे, आणि हंगामात दुसऱ्याच्या उसावर मजुरी. मागे एका जुलैमध्ये, रोप लावणीच्या चिखलात, त्यांना खोकला धरला. डिसेंबरात सरकारी दवाखान्यात त्यांचा बेडका तपासला गेला आणि क्षय निघाला. आम्ही भेटायला गेलो. पाच महिने झाले होते. सवयीने तोंडून निघून गेले, "अहो, आधी का नाही गेलात?"

ते काही बोलले नाहीत. त्यांच्या पत्नीने आतून एक प्लॅस्टिकची पिशवी आणली आणि आमच्या पुढ्यात उपडी केली. दोन चिठ्ठ्या, गोळ्यांची रिकामी पाकिटे, रक्त तपासल्याचा एक कागद, मधोमध घडी पडून पांढरा झालेला छातीचा फोटो, आणि खोकल्याच्या औषधाच्या तीन बाटल्या. एकीत तळाला अजून बोटभर लाल औषध होते. "गेले नाहीत असं कसं म्हणतासा?" त्या म्हणाल्या. "पाच ठिकाणी गेलेत."

त्या संध्याकाळी आम्ही तो सगळा प्रवास एका कागदावर उतरवून घेतला. जुलैमध्ये आठ-दहा दिवस आले, तुळस, गवती चहा यांचा काढा. मग बाजाराच्या दिवशी औषधाच्या दुकानातून पहिली बाटली आणि गोळ्या. ऑगस्टात संध्याकाळचा ताप येऊ लागला. लावणी उरकली होती, म्हणून ते प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. डॉक्टर त्या दिवशी बैठकीला गेलेले. जे होते त्यांनी गोळ्या दिल्या आणि तीन दिवसांनी या म्हणून सांगितले. तीन दिवसांनी ताप उतरला होता, त्यामुळे ते गेले नाहीत. सप्टेंबरात खासगी डॉक्टर: सुई, सलाईन, दुसरी बाटली आणि पाच दिवसांचे भारी औषध. बरे वाटले. त्या बरे वाटण्यात रताळी काढून झाली. ऑक्टोबरात खोकला पुन्हा वर आला. बहीण गोव्यात असते, तिच्याकडे चार दिवस राहून तेथल्या एका डॉक्टरांना दाखवले. त्यांनी छातीचा फोटो काढायला लावला आणि बेडकाही तपासून घ्या असे सांगितले. पण इकडे भात कापणीला आले होते. ते परत आले आणि ती तपासणी राहून गेली. नोव्हेंबरात पुन्हा त्याच खासगी डॉक्टरांकडे गेले, तेव्हा तिसरी बाटली मिळाली. गोव्यात काढलेला फोटो पिशवीत होता, पण दाखवला नाही. का नाही दाखवला, असे विचारले तर म्हणाले, "दुसऱ्या डॉक्टरचा फोटो दाखवला तर ह्यांना राग येईल." डिसेंबरात बेडक्यात रक्त दिसले, तेव्हा आशाताई त्यांना हाताला धरून सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या.

डॉक्टरांची फी, औषधे, फोटो, गाडीभाडे मिळून नऊ हजारांच्या वर गेले. बुडालेली मजुरी वेगळी. शेवटी ज्या तपासणीत रोग सापडला तिला एक पैसाही पडला नाही. आणि हे पाच महिने सारे घर एकाच माजघरात झोपत होते. फेब्रुवारीत थोरल्या मुलीला तोच रोग निघाला. ती त्या वर्षी बारावीला होती.

चुका त्यांच्याही झाल्या, हे कबूल. तीन दिवसांनी गेले नाहीत, सांगितलेली तपासणी केली नाही, फोटो लपवला. पण पाच महिने माणूस हातावर हात ठेवून बसला, असे आता आम्हांला म्हणवत नाही.

तुमकूरच्या खेड्यांत विचारलेला प्रश्न

पुढे या विषयावर थोडे वाचन केले तेव्हा कळले की आमची चूक जुनी आहे, आणि आमच्याहून फार मोठ्या लोकांनी ती केलेली आहे. ती कोणी व कशी दुरुस्त केली, ही हकीकत आपल्याच राज्यातली आहे.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात क्षयाचे रोगी लाखांनी होते आणि आरोग्यधामांतल्या खाटा हजारांनी. आमच्या भागातून ज्यांना जमेल ते मिरजेजवळ वानलेसवाडीला जात. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी ते आरोग्यधाम उभारले. बाकीचे घरीच खंगत. मग औषधे निघाली, आणि १९५९ मध्ये मद्रासच्या क्षयरोग उपचार केंद्राने एक गोष्ट दाखवून दिली. घरी राहून नियमाने औषध घेणारा रोगी आरोग्यधामात राहणाऱ्याइतकाच बरा होतो, आणि औषध सुरू झाल्यावर त्याच्यामुळे घरच्यांना जास्तीचा धोका होत नाही. खाटांचा प्रश्न त्यामुळे बराचसा सुटला. उरला रोगी शोधण्याचा. खेड्यात पसरलेले हे रोगी सापडायचे कसे? जाणत्यांचा समज असा होता की खेडूत अडाणी, त्याला रोग कळत नाही, तो नवसाला जाईल, भगताकडे जाईल, दवाखान्यात येणार नाही. तेव्हा फोटो काढण्याच्या गाड्या घेऊन घरोघर जाणे, हाच मार्ग.

१९५९ मध्येच बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तेथे देबबर बॅनर्जी आणि जागतिक आरोग्य संघटनेचे स्टिग अँडरसन या दोघांनी वेगळा प्रश्न विचारला: हा समज खरा आहे का? तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत छातीचे फोटो व बेडका तपासून रोगी शोधण्याचे काम झालेले होते. त्या रोग्यांच्या घरी माणसे पाठवून त्यांनी साध्या गप्पांतून विचारले. तुम्हांला काही त्रास होतो का? त्याची काळजी वाटते का? त्यावर तुम्ही काय केले?

१९६३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत त्यांनी उत्तरे छापली. जवळजवळ सगळ्या रोग्यांना आपल्याला काहीतरी होते आहे याची पुरती जाणीव होती. बहुतेकांना काळजीही लागली होती. आणि निम्म्याहून अधिक रोगी आपण होऊन दवाखान्यात जाऊन आले होते. कोणी बोलावले नव्हते, गाडी आली नव्हती, क्षयाची पत्रके वाटली नव्हती. आपल्या पायांनी गेले, रांगेत उभे राहिले, खोकून दाखवले, आणि खोकल्याच्या औषधाची एक बाटली घेऊन घरी परतले. बेडका तपासण्याची तेथे सोय नव्हती.

हे वाचले तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर त्या तीन बाटल्या आल्या.

या शोधाचा उपयोग झाला. १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची आखणी याच विचारावर झाली. गाड्या घेऊन गावोगाव रोगी धुंडाळत बसण्याआधी, जो रोगी आपण होऊन दारात येऊन खोकतो आहे त्याचा बेडका तपासा. त्यासाठी साध्या दवाखान्यातच सूक्ष्मदर्शक ठेवा आणि औषधही तेथेच द्या. किती साधी गोष्ट! पण ती सुचायला रोग्याच्या ओसरीवर जाऊन बसावे लागले. कार्यक्रम कागदावर चांगला होता, प्रत्यक्षात पुष्कळ लंगडला. १९९७ पासून तो नव्या रीतीने उभा केला गेला. २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही क्षयाचा प्रत्येक रोगी सरकारला कळवणे बंधनकारक झाले.

मग आजही बाटली का मिळते?

सरकारने २०१९ ते २०२१ या काळात देशभर क्षयाची मोठी पाहणी केली. त्यात खोकला, ताप, वजन घटणे अशी लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांनी कोठेच दाखवले नव्हते असे आढळले. कारण विचारता, न जाणाऱ्यांपैकी ६८ टक्क्यांनी त्रासाकडे दुर्लक्ष केले, १८ टक्क्यांना हा क्षय असेल असे वाटले नाही, १२ टक्क्यांनी स्वतःच काही औषध घेतले, आणि परवडत नाही म्हणणारे २ टक्के निघाले.

हे आकडे वाचून आमचा एक मित्र म्हणाला, "पाहा, तुमचे बैलाचे वाक्यच खरे!" आम्हांला तसे वाटत नाही. तुमकूरला प्रश्न विचारले होते ते रोग सिद्ध झालेल्या माणसांना. या पाहणीतली माणसे म्हणजे लक्षणे असलेली सगळीच; त्यांतल्या पुष्कळांचा खोकला क्षयाचा नव्हताच, आणि आठवडाभरात आपोआप जाणाऱ्या खोकल्यासाठी दवाखाना न गाठणे यात गैर काही नाही. शिवाय वही घेऊन आलेल्या परक्या माणसाला रोगी काय सांगणार? "दुर्लक्ष केले" हे सोपे उत्तर आहे. आमच्या शेतकऱ्याला जुलैच्या शेवटी कोणी विचारले असते तर त्यांनीही तेच सांगितले असते. लावणी चालू होती, बैल भाड्याचे होते, आणि एक दिवस मोडला तर पुढचा पाऊस थांबणार नव्हता, हे सांगत कोण बसतो? तरीही ६४ हा आकडा लहान नव्हे, म्हणून वाक्य सगळे नाही, निम्मेच मागे घेतो.

दुसऱ्या निम्म्याविषयी मात्र आमच्या मनात शंका उरलेली नाही. भारतातील अनेक अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये हिशेब छापला गेला. त्यात दुखणे सुरू झाल्यापासून क्षयाचे औषध सुरू होईपर्यंत साधारण ५५ दिवस जातात आणि तोवर रोगी जवळजवळ तीन ठिकाणी दाखवून आलेला असतो, असे निघाले. त्यांतले रोग्याने घरी काढलेले दिवस अठराच्या आसपास, आणि पहिल्यांदा दाखवल्यापासून रोग ओळखला जाईपर्यंतचे ३१. म्हणजे उशिराचा मोठा वाटा दवाखान्याची पायरी चढल्यानंतरचा आहे!

२०१५ मध्ये दिल्लीतली एक पाहणी प्रसिद्ध झाली. निरोगी माणसांना शिकवून, रोगी म्हणून डॉक्टरांकडे व वैद्यकी करणाऱ्या इतरांकडे पाठवले. क्षयाची लक्षणे त्यांनी पाठ केली होती. अशा २५० भेटींपैकी फक्त २१ टक्क्यांत योग्य तेच केले गेले. बाकीच्यांत काय मिळाले असेल, ते आमच्या वाचकांना सांगायला नको.

यात डॉक्टरांवर राग धरावा असा आमचा हेतू नाही. त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. खोकला घेऊन येणाऱ्या शंभरांत क्षयाचे थोडे. दाराबाहेर साठ माणसे बसलेली, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे. रोगी म्हणतो, "थोडा खोकला आहे, एक सुई मारा, लगेच बरे वाटले पाहिजे, उद्या कामावर जायचे आहे." पहिल्या आठवड्याच्या खोकल्याला बाटली देणे चूक नव्हे. घोटाळा पुढे होतो. बरे न वाटलेला रोगी त्याच डॉक्टरांकडे परत जाऊन "गुण आला नाही" असे सांगत नाही. तो दुसऱ्याकडे जातो, आणि पहिल्याचे नाव काढत नाही. दुसऱ्याच्या दृष्टीने हा खोकला आजच सुरू झालेला असतो. तिसऱ्याच्याही. तीन डॉक्टर मिळून पाच महिन्यांचा खोकला पाहतात, पण प्रत्येक जण पहिल्याच आठवड्याचा पाहतो. आमच्या शेतकऱ्याने मळलेली वाट सगळ्यांची हीच आहे.

मध्येच येणारे बरे वाटणे, हा तर मोठा फसवा भाग. सलाईनने अंगात तरतरी येते. काही भारी प्रतिजैविके क्षयाच्या जंतूंना थोडे दाबून ठेवतात. ताप उतरतो, रोग आत राहतो, आणि नंतर तपासले तरी लवकर सापडत नाही. वरचे गवत कापले म्हणून लव्हाळा मरत नाही, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

आता जायचे कोठे, हे माणूस कसे ठरवतो? बरे-वाईट डॉक्टर तोलून तो क्वचितच ठरवतो. मोटार किती वाजता आहे, परतीची मिळेल का, बरोबर कोण येईल, आज पैसे द्यावे लागतील की सुगीला दिले तरी चालतील, यावर ते ठरते. सरकारी दवाखाना फुकट असतो हे खरे. पण सकाळच्या मोटारीने गेलेला माणूस चिठ्ठी काढून रांगेत उभा राहतो, तपासणीला दुसऱ्या खोलीत धाडला जातो, आणि परततो तो संध्याकाळी. त्याची मजुरी गेली, सोबत आलेल्या मुलाचीही गेली. बाजाराच्या गावातले डॉक्टर संध्याकाळी आठपर्यंत बसतात, ओळखतात, उधार ठेवतात. गरिबाला महाग दवाखाना का परवडतो, असे विचारणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

बायकांचे तर आणखी वेगळे. त्यांची मजुरी बुडण्याचा हिशेब कोणी करत नाही, कारण त्यांची सोबत करणाऱ्याची मजुरी बुडते, आणि तेवढ्यावरच गोष्ट अडते. लग्नाची मुलगी असली तर खोकला पदरात दाबला जातो. नव्या सुनेला क्षय निघाला तर माहेरी पाठवल्याची उदाहरणे आम्हांला ठाऊक आहेत, आपल्याच लोकांतली. ती येथे अधिक लिहीत नाही.

आमच्या सीमाभागात भाषेची अडचणही आहे. छापील कागद आणि पाट्या कन्नडमध्ये. बरेच डॉक्टर आणि परिचारिका मराठी, कोकणी समजून घेतात, पण लांबून बदलून आलेल्यांना ते जमतेच असे नाही. म्हातारी माणसे मग "हूं, हूं" करून बाहेर येतात. गोळी दिवसातून किती वेळा, हे त्यांना दारातल्या शिपायाला विचारावे लागते. घरातली शाळकरी नात कन्नड वाचते. तिची एक दिवस शाळा बुडाली तरी चालेल, तिला बरोबर न्यावे.

पिशवी आणि दिवस

एवढे सगळे लिहून झाल्यावर, रोग्याच्या हातात काय आहे ते सांगायला हवे. आमच्या मते दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही फुकट आहेत.

पहिली म्हणजे पिशवी. घरातील प्रत्येक माणसाची वेगळी पिशवी असावी. चिठ्ठ्या, तपासणीचे कागद, रिकामी पाकिटेसुद्धा तीत ठेवावीत. छातीचा फोटो घडी न घालता पुठ्ठ्यात ठेवावा, कारण जुना फोटो नव्याशेजारी धरला की रोग वाढतो की उतरतो ते डॉक्टरांना दिसते. नव्या डॉक्टरांपुढे बसल्याबरोबर पिशवी टेबलावर ठेवावी. राग येईल ही भीती मनातून काढावी. क्वचित कोणाला आलाच, तर तो पाच महिन्यांपेक्षा स्वस्त पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे दिवसांची मोजणी. "थोडा खोकला आहे" असे सांगू नये. "लावणीपासून खोकला आहे, आज पस्तीस दिवस झाले, दोन ठिकाणी औषध घेतले, गुण नाही, संध्याकाळी ताप येतो, सदरा ढिला होऊ लागला आहे" असे सांगावे. दोन आठवडे उलटलेला खोकला म्हणजे बेडका तपासायचा, असा आता आपल्या देशात नियमच आहे. डॉक्टरांना सुचले नाही तर आपण नम्रपणे म्हणावे, "डॉक्टर, बेडका तपासून घेऊ का?" यात उद्धटपणा नाही. चिठ्ठी घेऊन सरकारी केंद्रात गेले की तपासणी मोफत होते.

तपासणीचीही प्रगती झाली आहे. पूर्वी सूक्ष्मदर्शकावर सगळी भिस्त होती. आता ट्रूनॅट नावाचे छोटे यंत्र पुष्कळ सरकारी केंद्रांत आले आहे. ते बॅटरीवर चालते, साधारण तासाभरात जंतू आहेत की नाहीत ते सांगते, आणि नेहमीचे मुख्य औषध त्या जंतूंना लागू पडेल की नाही, हेही थोड्या वेळाने कळते. हे यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यातील मोलबायो कंपनीचे आहे, आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. मात्र यंत्र कितीही चांगले असले तरी डबीत थुंकी दिली तर ते काय सांगणार? सकाळी उठल्यावर तोंड पाण्याने खळखळून, उघड्यावर उभे राहून, दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला घट्ट बेडका द्यावा. एवढे समजावून सांगायला दवाखान्यात कोणाला वेळ नसतो, म्हणून येथे लिहिले.

रोग निघाला तर साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. औषध सुरू केल्यावर लघवी नारिंगी-तांबडी होते. आमच्या शेतकऱ्याने दुसऱ्याच दिवशी गोळ्या बंद केल्या होत्या, रक्त पडते आहे असे समजून! तो रंग औषधाचा असतो, घाबरू नये. पण उलट्या थांबत नाहीत, डोळे पिवळे दिसतात किंवा नजर अंधुक होते असे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. या सहा महिन्यांत दारूचा थेंबही नको, कारण ही औषधे आणि दारू दोन्हींचा भार यकृतावर पडतो. सणासुदीचा अपवाद करू नये. महिना-दीड महिन्यात खोकला जातो, वजन भरू लागते, आणि नेमका तेव्हाच औषध सोडण्याचा मोह होतो. निम्म्यावर सोडलेले औषध पुढे लागू न पडण्याची भीती असते, आणि मग उपचार लांबतो व जड जातो.

रोग्याला उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी सरकारकडून दरमहा पैसे मिळतात. एप्रिल २०१८ पासून ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये केले आहेत. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्यालाही ते मिळतात. मात्र त्यांनी नोंद केलेली असली पाहिजे आणि बँकेच्या खात्याचे कागद दिलेले असले पाहिजेत. त्यात अडचण आली तर आशाताईंना विचारावे, किंवा १८०० ११ ६६६६ या मोफत क्रमांकावर विचारावे.

आहाराचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरातील माणसांना जास्तीचे तांदूळ व डाळ पुरवून पाहिले. अशा घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी घटले, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे परसातल्या कोंबड्यांची अंडी बाजारात जातात आणि घरात पेज व लोणचे राहते. निदान ज्या घरात रोगी आहे तेथे तरी अंडी घरीच राहावीत.

आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी. रोगी सापडला की एका चुलीवर जेवणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचे, लहान मुलांना आधी. ज्यांना रोग नाही त्यांनाही, तो पुढे होऊ नये म्हणून, डॉक्टर औषध देऊ शकतात. आमच्या शेतकऱ्याच्या घरी डिसेंबरात हे सांगितले गेले होते. धाकट्याला नेले, थोरलीला नेले नाही. तिची परीक्षा जवळ आली होती, आणि खोकला तर तिला नव्हता. फेब्रुवारीत सुरू झाला.

तिने परीक्षा तोंडाला पट्टी बांधून, गोळ्या घेत दिली. ऑगस्टात तिचा उपचार पुरा झाला, वडिलांचा त्याआधी जूनमध्ये. ते लावणीला उभे राहिले. अजून चढ चढताना धाप लागते म्हणतात.

परवा त्यांच्या शेजाऱ्याला तीन आठवडे खोकला होता. हे स्वतः सकाळच्या मोटारीने त्याला घेऊन गेले, पिशवी काखेत, वाटेत दिवस मोजून पाठ करून घेतले. संध्याकाळी परत आले. बेडक्यात काही निघाले नाही. डॉक्टरांनी विडी सोडायला सांगितले आहे, ती त्याने अजून सोडलेली नाही.